दोन जर्मन आणि एक बनमस्का

आमच्या पिढीचे अर्धे वाद पुराव्याअभावी टिकले. उरलेले अर्धे पुरावा असूनही टिकले, पण ते घरातले आहेत. त्यांच्याबद्दल इथे बोलत नाही.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' आम्ही अलका टॉकीजला पाहिला की राहुलला, यावर आमच्यात आजही एकमत नाही. स्टीव्हन स्पिलबर्गचा हा चित्रपट अमेरिकेत जुलै १९९८ मध्ये लागला आणि यथावकाश पुण्यात पोचला. आम्ही पाहिला तेव्हा अठ्ठ्याण्णव सरलं होतं की नव्हतं, यावरही दोन पक्ष आहेत. एकमत आहे ते एवढ्यावरच की आम्ही नऊ जण होतो, तिकिटं आठ होती, नववं ब्लॅकने घ्यावं लागलं आणि बाहेर पडताना पहिल्याच पायरीवर वाद सुरू झाला. तो जर्मन तोच होता का?

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नॉर्मंडी, जून १९४४. टॉम हँक्सचा कॅप्टन मिलर आपली छोटी तुकडी घेऊन रायन नावाच्या शिपायाला शोधत निघालाय, कारण रायनचे तीन भाऊ लढाईत गेलेत आणि चौथा तरी आईला परत मिळावा असा वरून हुकूम आहे. वाटेत एका रडारच्या ठाण्यापाशी चकमक होते, तुकडीचा वेड नावाचा मलमपट्टीवाला मारला जातो आणि एक जर्मन जिवंत हाती लागतो. त्याला खड्डे खणायला लावतात. आपली पाळी आली हे ओळखून तो बिचारा ठाऊक असेल नसेल तेवढी सगळी अमेरिका ओकून टाकतो. 'स्टीमबोट विली' म्हणतो, बेटी बूपचं कौतुक करतो, त्यांचं राष्ट्रगीत चुकत-माकत म्हणून दाखवतो, हिटलरला शिवी घालतो. तुकडीतला दुभाषी अपहम त्याच्यासाठी रदबदली करतो. मिलर त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि हजार पावलं चालून भेटेल त्या पहिल्या दोस्त गस्तीच्या स्वाधीन व्हायला सांगून सोडून देतो.

मग शेवटची लढाई. एका माडीवर मेलिश हा ज्यू शिपाई आणि एक जर्मन एकमेकांच्या उरावर. जर्मन सुरा हळूहळू त्याच्या छातीत दाबत नेतो, आणि दाबताना कानाशी काहीतरी कुजबुजत असतो, तापलेल्या पोराला आई थोपटते तसं. जिन्यात अपहम बसलेला, गळ्यात काडतुसांचे पट्टे, हातात बंदूक, आणि पायांत जीव नाही. जर्मन खाली येतो, त्याच्याकडे बघतो आणि बाजूने निघून जातो. थोड्या वेळाने पुलापाशी मिलरला गोळी लागते. ती झाडणारा मात्र नक्की तो सोडून दिलेला जर्मन, आपला विली असतो, आणि अपहमने ते पाहिलेलं असतं. सगळं आटोपताना अपहम काही जर्मनांना हात वर करायला लावतो. त्यांत विली असतो. तो सोबत्यांना सांगतो की या शिपायाला मी ओळखतो, आणि 'अपहम' म्हणून हाक मारतो. अपहम त्याला गोळी घालतो. बाकीच्यांना हाकलून देतो.

प्रश्न असा, की माडीवरचा जर्मन आणि हा विली एकच का?

तेव्हा आम्ही या प्रश्नावर गुडलक कॅफेत तीन तास काढले. सगळ्यांत मिळून चार चहा, दोन बनमस्के आणि एक ऑम्लेट, असा आमचा हिशेब असे. ऑम्लेट मागवणारा त्या दिवशीचा सावकार. 'एकवाले' आणि 'दोनवाले' असे तट पडले. मी एकवाला. आमची बाजू बिनतोड होती: दोघांचे केस बारीक कापलेले, दोघांची हनुवटी तशीच, दोघेही जर्मन. तिसरा मुद्दा मी खरोखर टेबलावर मूठ आपटून मांडला होता. ती आठवण आली की आता मी उगाचच चष्मा पुसत बसतो.

आज माझी मुलगी सोफ्यावर आडवी पडून हाच चित्रपट मोबाइलवर बघते. माडीचा प्रसंग आला तसा मी दाराआडून सवाल टाकला. तिने चित्र थांबवलं, दोन बोटांनी ताणलं, म्हणाली, "बाबा, याच्या कॉलरवर एसएसची खूण आहे. तो आधीचा साध्या लष्करातला होता." मग आणखी काहीतरी टिचकवलं. "नटही वेगळेत. विलीचं काम योर्ग श्टाडलरने केलंय. झालं?" चाळीस सेकंदं लागली असतील. झालं म्हणजे झालंच. तीन तास, चार चहा आणि दोन मित्रांमधला पुढचा महिनाभराचा अबोला, सगळं चाळीस सेकंदांत निकालात. मी "अच्छा" म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण फ्रिज उघडला.

तेव्हा कॉलर दिसायची सोयच नव्हती. आमच्यापुढे एक उंच गृहस्थ बसले होते, त्यांच्या डाव्या कानापलीकडे जेवढं युद्ध दिसलं तेवढं आम्ही पाहिलं. पंखे गरगरत होते, मागच्या रांगेत खारे दाणे फुटत होते, आणि जर्मन संवाद आले की प्रेक्षक ते आपल्यासाठी नाहीतच असं समजून आपापसांत बोलून घेत. तरीही एकदा पाहिलेलं आम्ही वर्षानुवर्षं सांभाळलं. एकदाच पाहायला मिळणार म्हणून डोळे ताणून पाहायचं, आणि जे निसटलं ते मनाने भरून काढायचं. आता काहीच निसटत नाही, म्हणून कुणी डोळे ताणत नाही. वाक्य बरं जमलंय, पण खरं आहे की नाही ते मला सांगता येणार नाही. माझी मुलगी कॉलर बघते. मी हनुवटी बघत होतो. ताणून कुणी पाहिलं?

नंतर व्हीसीडी आल्या. एकशे एकोणसत्तर मिनिटांचा चित्रपट तीन चकत्यांत यायचा आणि भाड्याच्या दुकानातली तिसरी चकती सुऱ्याच्या प्रसंगाशीच अडखळायची. पडदाभर रंगीत चौकोन, त्या चौकोनांत कुठेतरी मेलिश. आमच्यातल्या एकाने ती चकती बनियनला पुसून पुसून चार वेळा लावली. चौकोनांवरूनही आम्ही भांडलो.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सांगितल्याशिवाय जुन्याचं कौतुक करणं म्हणजे लबाडी होईल. सुरुवातीच्या किनाऱ्यावरच्या लढाईत दोन शिपाई हात वर करून शरण येतात, काकुळतीने काहीतरी बोलतात. अमेरिकन शिपाई त्यांना गोळ्या घालतात आणि त्यांच्या बोलण्याची टिंगल करतात, की बघ, जेवणाआधी हात धुतलेत म्हणतोय. आमचं थिएटर हसलं होतं. आम्हीही हसलो होतो. ते दोघे जर्मन बोलतच नव्हते, चेक बोलत होते. आम्ही चेक आहोत, आम्ही कुणाला मारलेलं नाही, गोळ्या घालू नका, असं म्हणत होते. जर्मनांनी जिंकलेल्या मुलखांतली माणसं धरून आणून त्या किनाऱ्यावर उभी केली होती, हे पुस्तकांतून तेव्हाही उपलब्ध होतं; आम्ही ती पुस्तकं वाचलेली नव्हती. आता हे कुठल्याही पोराला एका टिचकीत कळतं, आणि कळल्यावर ते पोर हसत नाही. त्या जुन्या अंधाऱ्या थिएटरचा मला इतका लळा आहे, पण त्या अंधारात आम्ही दोन चेक पोरांच्या मरणावर हसलो, हे त्या लळ्याच्या खात्यात मांडावंच लागतं.

आमच्या वडिलांच्या पिढीचा जर्मन वेगळा होता. म्हणजे तो इंग्रज होता. डेव्हिड लीनचा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' १९५७ चा. त्यातला कर्नल निकल्सन जपान्यांच्या कैदेत असताना शिस्तीच्या आणि अभिमानाच्या हट्टापायी शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देतो, आणि आपलेच लोक तो उडवायला येतात तेव्हा त्यांनाच अडवतो. शेवटी जखमी होऊन, आपण हे काय करून बसलो हे ध्यानात येऊन, तो झेलपाटत जातो आणि स्फोटाच्या दांड्यावर कोसळतो. पूल उडतो. आता प्रश्न, की तो मुद्दाम पडला की मरता मरता पडला?

बाबा आणि त्यांचे तीन मित्र या पडण्यावर तीस वर्षं बोलले. दर रविवारी सकाळी, आमच्या वाड्याच्या ओट्यावर, आंघोळीआधी. बाबांचं म्हणणं मुद्दाम. जोशीकाकांचं म्हणणं, तोफगोळा लागलेला माणूस मुद्दाम काही करत नाही. तिसऱ्यांनी लायब्ररीतून पियेर बुलची मूळ कादंबरी आणून वाचली होती आणि त्यांच्याकडे हुकमाचा एक्का होता: "पुस्तकात पूल पडतच नाही!" हे ते दर रविवारी त्याच उत्साहाने सांगत आणि बाकीचे दर रविवारी तितकंच दचकत. पुढे घरात व्हिडिओ आला. बाबांनी कॅसेट आणली, चौघे टीव्हीपुढे बसले, तेवढा प्रसंग मागे नेऊन नेऊन पुन्हा पाहिला. टोपी, नजर, गुडघे, दांडा. पुन्हा टोपी. शेवटी आई म्हणाली, "पट्टी झिजेल, आता आंघोळी करा." काही ठरलं नाही. उलट बाबा थोडे जोशीकाकांच्या बाजूला सरकले आणि जोशीकाका थोडे बाबांच्या, त्यामुळे वाद आणखी दहा वर्षं चालला.

माणूस कोण, हे यंत्र थांबवलं की कळतं. तो असं का वागला, हे कितीही वेळा मागे नेलं तरी तिथेच असतं. आमची चूक ही झाली की आम्ही तीन तास पहिल्या प्रश्नावर घालवले. आजच्या पोरांना पहिला प्रश्न चाळीस सेकंदांत सुटतो, आणि सुटला की ती उठून जातात. बाबांच्या ओट्यावर मात्र 'कोण' हा प्रश्नच नव्हता. थेट 'का' वरच बसायचे सगळे. अर्थात त्या ओट्यावर बायका नव्हत्या. त्या आत पोहे करत होत्या आणि त्यांनी तो चित्रपट पाहिला होता की नाही, हे त्या तीस वर्षांत कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

आम्ही स्वतःला वडिलांपेक्षा सुधारलेले समजायचो. आमच्या नऊ जणांत दोन मुली होत्या. त्यातली एक रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होती. पायरीवर वाद सुरू झाला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "एक नाहीत रे. तो माडीवरचा काय म्हणत होता ते थोडं कळलं मला. बस आता, सोड, तुझ्यासाठी हे सोपं होईल, असं काहीतरी. आणि 'तू' म्हणत होता. 'डू'. तो आधीचा असा बोलणाराच वाटला नाही मला."

आमच्यातला कुणीतरी म्हणाला, "तुझं पहिलंच वर्ष ना?" सगळे हसले. कुणीतरी म्हणजे मी.

साडेनऊला तिच्या हॉस्टेलचं फाटक बंद व्हायचं. ती आणि दुसरी मुलगी रिक्षाने गेल्या, आणि आम्ही सात जण गुडलकमध्ये जाऊन त्या प्रश्नावर तीन तास बसलो, ज्याचं उत्तर रिक्षातून निघून गेलं होतं. आज रात्री अकरालाही मुली कॅफेत बसलेल्या दिसतात, लॅपटॉप उघडून, आणि त्यांना कुणी वर्ष विचारत नाही. हे चांगलं झालं, असं म्हणायला मला क्षणही लागत नाही. नंतर माझं मन हळूच त्या रात्रीच्या संगमरवरी टेबलाकडे वळतं, हाही माझाच दोष.

वाड्यातले सुभेदार यात यायचे राहिले. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले आणि १९४४ मध्ये इटलीत होते, म्हणजे यशवंत घाडग्यांना जिथे वीरमरण आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तिथे, त्याच वर्षी. केबलवर 'रायन' लागला तेव्हा आम्ही त्यांना मुद्दाम बोलावलं. आता साक्षात युद्धावर गेलेला माणूस निवाडा देणार! जिन्याचा प्रसंग संपला. आम्ही सरसावून विचारलं, "आजोबा, हा जर्मन तोच का?" त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. ते चिडले होते. "याच्याकडे पट्टे दिले कुणी? ज्यानं आयुष्यात गोळी झाडली नाही त्याच्या गळ्यात माडीवरच्यांची काडतुसं? चूक कॅप्टनची आहे." मग तंबाखू मळत पुन्हा म्हणाले, "कॅप्टनचीच." आम्हाला ते फार गद्य वाटलं. सुभेदार म्हातारे झाले, असं आम्ही जिन्यात एकमेकांना म्हणालो. तो जिना आमचाच होता, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही.

आता मला सुभेदारांचं पटतं, आणि पटल्याने सगळी गंमत बिघडते, कारण त्यांच्या लेखी जर्मन कोण हा प्रश्नच नव्हता. माडीवरचा आणि विली एकच धरला, तर सगळं कसं चोख बसतं. अपहमने ज्याचा जीव वाचवला त्यानेच मेलिशला मारलं, त्यानेच अपहमचा भ्याडपणा जिन्यात उभा राहून पाहिला, त्यानेच मिलरला मारलं. मग अपहमची गोळी म्हणजे सूडही, न्यायही, आणि आपल्या लाजेचा एकुलता साक्षीदार पुसून टाकणंही. नाटकाचा तिसरा अंक असावा असं. आम्ही एकवाले म्हणूनच इतके ठाम होतो. आम्हाला हनुवटी दिसली नव्हती, शेवट हवा होता.

पण ते दोघे वेगळे आहेत. म्हणजे जिन्यातल्या लाजेचा साक्षीदार मोकळाच निघून गेला. विलीने अपहमचं काहीच वाईट पाहिलेलं नाही. त्याच्या लेखी अपहम हा आपला प्राण वाचवणारा भला माणूस आहे, म्हणून तर तो ओळखीची हाक मारतो. मिलरला त्याने मारलं खरं, पण लढाईत, लांबून, जसं सगळे मारत होते. मग अपहमने हात वर केलेल्या माणसाला, आणि सगळ्यांत फक्त त्यालाच, का मारलं? मिलरसाठी? मेलिशसाठी, ज्याला मारणारा दुसराच होता? स्वतःच्या त्या रदबदलीसाठी? चाळीस सेकंदांचं उत्तर मिळालं आणि खरा वाद तिथून सुरू व्हायला हवा होता.

मी हे सगळं आमच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं. चांगलं दीडपानी. पाच अंगठे आले. एकाने कुठला तरी दुवा डकवला, "सगळं क्लिअर केलंय यात." एकाने फुलं पाठवली, त्याला वाटलं कुणी तरी गेलं. अबोला धरणाऱ्या दोघांपैकी एकाने लिहिलं, "म्हणजे मीच बरोबर होतो," आणि दुसऱ्याने अजून ते निळं केलेलं नाही. पूर्वी आम्ही एका टेबलाभोवती सात जण असायचो आणि कुणाचंच कुणी ऐकत नव्हतं. आता आम्ही एका गटात नऊ जण आहोत आणि सगळ्यांचं सगळं पोचतं. पोचल्याच्या खुणाही दिसतात.

रानडेवालीचा मात्र फोन आला. ती आता श्टुटगार्टला असते, वीस वर्षं झाली. दिवाळीला पुण्यात येणार होती, म्हणाली भेटू. आम्ही गुडलकलाच भेटलो. दाराशी लोक नंबर लावून उभे होते, त्यामुळे बसताना जरा ओशाळं वाटलं. दोघांत दोन चहा, दोन बनमस्के आणि ऑम्लेट. आता ऑम्लेटचा विचार करावा लागत नाही, आणि ते पूर्वीइतकं लागतही नाही. त्यात ऑम्लेटचा दोष नसावा.

"तेव्हाच सांगितलं होतं मी," ती म्हणाली.

"हो. पहिल्या वर्षाचं बोललो, ते चुकलंच."

"पहिलं नव्हतंच. दुसरं होतं." तिने बन चहात बुडवला. "आणि तो 'डू' मला नंतर इतका छळत राहिला. आपल्याकडे नाही का, परक्याला अहो म्हणतो, भांडणात अरे-तुरेवर येतो, आणि घरातल्याला तर पहिल्यापासूनच अरे. तो माणूस सुरा खुपसताना कोणत्या अर्थाने 'तू' म्हणत होता, ते इतकी वर्षं तिथे राहूनही मला नाही सांगता येत."

मी विचारलं, "आणि अपहमने विलीला का मारलं?"

"नावाने हाक मारली म्हणून," ती लगेच म्हणाली. जणू रिक्षात बसल्यापासून उत्तर तयार होतं. "बाकीच्यांनी नाही मारली, ते सुटले. आणि बघ, त्याला अपहमचं नाव ठाऊक होतं. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. त्या उंदराच्या कार्टूनवरून आपणच त्याला विली म्हणत बसलोय."

"तसं नाही," मी म्हणालो. "हाक नसती मारली तरी त्याने मारलंच असतं. मिलरला गोळी लागताना त्याने पाहिलं होतं."

"मग लांबूनच का नाही मारलं? बंदूक होती की."

"कारण तेव्हा..."

"थांब," ती म्हणाली, आणि पोऱ्याला आणखी दोन चहा सांगितले. दाराशी उभ्या असलेल्यांकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.